एकच चैतन्य, एकच झरा



या वेळचा विषय पोथीतून निघालेला नाही, एका म्हातारीच्या तोंडून निघालेला आहे. 2016 सालचा उन्हाळा. त्या एप्रिलात लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. अशा दिवसांत एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. चराचरात एकच चैतन्य भरले आहे, हा विषय. कीर्तन रंगले, आरती झाली. सत्तरीतली एक बाई पाया पडायला आली अन् म्हणाली, "महाराज, समद्यात एकच हाय म्हणता. मंग शेजारच्यानं बोअर पाडलं, तर माझ्या हिरीचं पाणी का गेलं?"

मी म्हटले, "माउली, प्रारब्ध." ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. उत्तर खोटे होते, हे मला तिथेच कळले. कारण त्याच वर्षी माझ्या मुलाने आमच्या रानात सहाशे फुटांचे बोअर घेतले होते, उसासाठी.

आता शास्त्राकडे वळू. पूर्वपक्षी म्हणतो, जग मिथ्या आहे. ऊन वाढले काय, पाऊस हुकला काय, साधकाने नाम घ्यावे म्हणजे झाले. दिसायला हे वैराग्य, आत पाहिले तर आळस. आपला सिद्धांत हा नव्हे. ज्ञानेश्वर महाराजांनी अमृतानुभवात अज्ञानाचेच खंडन केले आणि हे जग चैतन्याचा विलास आहे, असा निर्णय दिला. यालाच चिद्विलास म्हणतात. विलास म्हणजे खोटा देखावा नव्हे. लाट पाण्याहून वेगळी नाही, म्हणून ती खोटी ठरते काय? मग ओढा, माती, किडामुंगी ही त्याचीच रूपे झाली, आणि विहीर आटवणे हा नुसता प्रपंचाचा प्रश्न राहिला नाही. ईशावास्य उपनिषदात तर सर्व ईश्वराने व्यापले आहे असे सांगून लगेच त्यागाने भोगण्याची आणि परधनाचा लोभ न धरण्याची आज्ञा आहे. पाठशाळेत आमचे गुरुजी 'धन' म्हणजे सोने, गाई, शेत असा अर्थ सांगत. पाणी कोणाच्या मनात आले नाही. तेव्हा ते होते ना!

1972 च्या दुष्काळात मी लहान होतो. वडील खडी फोडायला जात, आम्ही सुकडी खात असू. धान्य नव्हते, पण आमच्या गावच्या आडाला पिण्यापुरते पाणी होते. पुढे बोअरची यंत्रे आली. आपली जमीन काळ्या पाषाणाची. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे मुरेल तेवढेच तिचे पाणी, आणि त्या भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत. माझ्या बोअरात येते ते शेजाऱ्याच्या विहिरीखालून येते. म्हणजे म्हातारीच्या प्रश्नातच उत्तर होते: खाली एकच आहे, म्हणूनच तिचे गेले. अभेदाचा याहून रोकडा दृष्टांत मी आजवर दिलेला नाही.

कोणी म्हणेल, हवाच बदलली, हे कलियुगाचे फळ. पण कली काही कोळसा खणत नाही! कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे 280 भाग होता. आज तो 420 च्या वर आहे. कोळसा आणि तेल जाळले कोणी? आपणच, कोणी जास्त, कोणी कमी. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या मुलुखावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. असा पाऊस धावतो, मुरत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले, म्हणजे मृतसाठ्यालाही हात लागला. आणि त्याच ऑगस्टात धरण भरून चंद्रभागेत पाणी सोडावे लागले. 2025 च्या सप्टेंबरात तर सीनेने घरेदारे बुडवली. वारीत चंद्रभागेचे स्नान घडावे म्हणून वर धरणाचे दार उघडावे लागते, हे किती जणांच्या ध्यानात असते?

मग करावे काय? नगरजवळचे हिवरे बाजार पाहावे. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बेताचाच. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव पोट भरायला बाहेर जात होते. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरसाल पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे व जनावरे, उरेल त्यावर पिके. पाऊस कमी, तर पिकेही कमी पाण्याची. हे सारे ग्रामसभेत ठरते. मी याला व्रतच म्हणतो. माळ घातल्यावर आपण मद्यमांस सोडतो, एकादशीला अन्न सोडतो. सोडण्याची सवय आपल्याला आहे. फक्त ती ताटापर्यंत आली आणि बांधावर थांबली.

हे लिहिणे सोपे आहे. घरी मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "आबा, उसाला कारखाना आहे, ज्वारीला कोण आहे?" ब्रह्मसूत्रावर वाद घालणे मला जमते, यावर जमले नाही. त्याच्यावर कर्ज आहे, आणि दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, हेही खरे. दोन वर्षे घरात बोलाचाली झाली. गेल्या साली तीन एकरांपैकी एक एकर ऊस मोडून ज्वारी आणि तूर केली, उरलेल्याला ठिबक घातले. बोअर बंद झालेले नाही; दिवसाला दोन तास चालते. ते तासही माझ्या कानांत वाजतात.

येत्या माघात त्या गावी पुन्हा सप्ताह आहे. ती बाई हयात आहे, विहीर पावसाळ्यापुरतीच भरते असे कळले. निरूपणाचा विषय तोच घेणार आहे. मात्र या खेपेला फडावर उभा राहण्याआधी तिच्या घरी जायचे आहे, आणि माझ्या बोअरची गोष्ट सांगायची आहे.