मागे राहिलेली सायकल

(सुट्टीच्या दिवशी सायकलवरून केलेल्या एका सहलीचा अनुभव या पाठात सांगितला आहे. सायकलवरून दूर जाताना कोणती काळजी घ्यावी आणि आपला अनुभव दुसऱ्याला कसा सांगावा, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांना सायकल चालवता येते? बहुतेक हात वर झाले असतील! रोज शाळेत जाताना आपली सायकल घाईत असते. घंटा होण्यापूर्वी पोहोचायचे असते, म्हणून रस्त्याकडे आपले लक्ष नसते. पण रविवारी तीच सायकल काढून गावाबाहेर जाऊन पाहा. झाडे दिसतात, पक्षी दिसतात, माणसे भेटतात. परत आल्यावर सांगण्यासारखे काहीतरी आपल्याजवळ असते.

सायकल ही दोनशे वर्षांपूर्वीची युक्ती आहे. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये दोन चाकांची एक लाकडी गाडी तयार केली. तिला पायडल नव्हते. बसणारा जमिनीला पाय लावून तिला पुढे ढकलत असे. पायडल पुढे अनेक वर्षांनी आले. सुरुवातीची चाके टणक होती, त्यामुळे सायकलस्वाराला फार हादरे बसत. १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हादरे कमी झाले. पण हवेबरोबर पंक्चरही आले! आजची गोष्ट त्या पंक्चरचीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन सायकल सहलीला निघालो. आमचे शहर छत्रपती संभाजीनगर. २०२३ पूर्वी त्याचे नाव औरंगाबाद होते. आम्हांला दौलताबादवरून खुलदाबादला जायचे होते. जाताना सुमारे पंचवीस किलोमीटर आणि येताना तेवढेच अंतर. डिसेंबरचा महिना होता. फजरची नमाज झाली आणि उजाडताच आम्ही निघालो. आदल्या दिवशी मी सर्वांच्या सायकली तपासल्या होत्या. दोन्ही ब्रेक लागतात का, चेन सैल नाही ना, टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना, घंटी वाजते का, हे पाहिले. पंप, पाना, सोल्यूशनची नळी आणि रबराची ठिगळे एका पिशवीत भरली. ती पिशवी मी माझ्या कॅरिअरला बांधली आणि सर्वांत पुढे झालो. ही माझी चूक होती; पण ते मला नंतर समजले.

पडेगाव, मिटमिटा मागे पडले. एकामागे एक, रस्त्याच्या डाव्या कडेने आमची रांग चालली होती. हवेत गारवा होता. थोड्याच वेळात दौलताबादचा डोंगर दिसू लागला. यादवांच्या काळी या किल्ल्याला देवगिरी म्हणत. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे आणली. किल्ल्यातील चाँदमिनार दुरूनच ओळखू येतो. पायथ्याशी बसून आम्ही घरून आणलेल्या पोळ्या आणि अंडी खाल्ली, पाणी प्यायलो आणि घाटाकडे निघालो.

आमच्यात एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. आता तो मोठा झाला आहे आणि हा पाठ वाचून हसेल. गणितात तो हुशार, खेळात पुढे. पण मराठीच्या तासाला त्याच्या तोंडाला कुलूप! प्रश्न विचारला, की तो उभा राही आणि खाली पाहू लागे. एकदा त्याने मला उर्दूत सांगितले, "सर, मी बोललो की चुका होतात आणि मुले हसतात. त्यापेक्षा गप्प बसलेले बरे." तोंडी परीक्षेत त्याला शून्य मिळाले होते, तरीही तो बोलला नव्हता.

घाटाचा चढ सुरू झाला. चढावर प्रत्येकजण मान खाली घालून पायडल मारतो. मागे कोण आहे, हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नाही. घाट चढून आम्ही कागजीपुऱ्याजवळ थांबलो. हाताने कागद तयार करण्यासाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मी मुलांना त्याची माहिती सांगू लागलो आणि सहज मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा कुठे?

माझ्या पोटात गोळा आला. मुलांच्या विश्वासावर आईवडील आपली मुले शिक्षकाच्या स्वाधीन करतात. फोन माझ्याजवळ होता. पण त्याच्याजवळ नव्हता. पाचही जणांना एका दुकानासमोर बसवले आणि दुकानदाराला त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितले. मग सायकल वळवून मी घाट उतरू लागलो. उतारावर सायकल आपोआप वेग घेते. अशा वेळी मन कितीही घाबरलेले असले, तरी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, वेग आवरत उतरावे लागते. प्रत्येक वळणावर वाटे, आता तो दिसेल.

तो दिसला. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला एक आजी पेरू विकत बसल्या होत्या. त्यांच्याजवळ त्याची सायकल उलटी उभी होती. आजींचा नातू घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवत होता आणि आमचा मुलगा बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता. माझ्या जिवात जीव आला.

काय घडले होते? चढ सुरू होताच त्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. त्याने आम्हांला हाका मारल्या. पण गाड्यांच्या आवाजात त्या ऐकू आल्या नाहीत. हवा गेली. पंप आमच्याबरोबर पुढे गेला होता. समोर फक्त आजी होत्या आणि त्यांना उर्दू येत नव्हती. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. शेवटी धीर करून म्हणाला, "आजी, माझा चाक बसला आहे. मदत करा."

आजी म्हणाल्या, "बसला नाही रे बाळा, बसलं म्हण. चाक ते. ये, सावलीत ये. घाबरू नकोस." लगेच त्यांनी नातवाला घरून पंप आणि सोल्यूशन आणायला पाठवले.

आजींनी चूक सुधारली; पण त्या हसल्या नाहीत आणि त्यांनी मदतीला उशीरही केला नाही. मग तो बोलू लागला. शाळा कोणती, घर कुठे, भाऊ किती, सगळे त्याने सांगितले. शब्द अडला की तो उर्दू शब्द बोलून पाही. गंमत म्हणजे त्यांतले कितीतरी शब्द आजींना समजत. हवा, मदत, दुरुस्त, दरवाजा, बाजार, जमीन, हिंमत हे शब्द आजींचेही होते आणि त्याचेही!

नातवाने ट्यूबचे छिद्र शोधले. ती जागा कोरडी करून घासकागदाने घासली, कारण खरबरीत जागेवर ठिगळ घट्ट बसते. सोल्यूशन लावून थोडे वाळू दिले आणि ठिगळ दाबले. मग त्याने टायरच्या आतून सावकाश बोट फिरवले. काट्याचे टोक अजून आतच होते! ते काढले नसते, तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर झाले असते. मी पैसे देऊ लागलो, तेव्हा आजींनी ते घेतले नाहीत. आम्ही त्यांच्याकडून दोन किलो पेरू घेतले. त्याचे पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले.

त्यानंतर आम्ही खुलदाबादला पोहोचलो. तेथे मलिक अंबरची कबर पाहिली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच आमचे शहर. त्याने शहरात नहरीने पाणी आणले. परतताना मी रांगेच्या शेवटी होतो, आणि पुन्हा कधीही पुढे झालो नाही.

सोमवारी मराठीचा तास होता. मी विचारले, "कालच्या सहलीचा अनुभव कोण सांगेल?" मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझे चाक बसले होते." एक-दोन मुले हसली. तो थांबला नाही. पुढे त्याने तीन चुका केल्या. पण पूर्ण गोष्ट सांगितली. वर्ग शांतपणे ऐकत होता. कारण ही गोष्ट पुस्तकातली नव्हती, त्याची स्वतःची होती.

मुलांनो, सायकलचे चाक काट्याला घाबरून घरात बसत नाही. काटा लागला तर ठिगळ लावावे आणि पुढे जावे. भाषेचेही तसेच आहे.

शब्दार्थ
युक्ती – तरकीब
पायथा – डोंगराचा खालचा भाग
घमेले – माती, वाळू वाहून नेण्याचे पसरट भांडे
ठिगळ – पैबंद
खरबरीत – गुळगुळीत नसलेले
नातू – पोता किंवा नवासा

वाक्प्रचार
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे.
जिवात जीव येणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हवा भरलेल्या टायरचे पेटंट कोणी घेतले?
(आ) कागजीपुरा कशासाठी प्रसिद्ध आहे?
(इ) आजींनी कशाचे पैसे घेतले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाची चूक कोणती? ती त्यांनी कशी सुधारली?
(आ) ट्यूबला ठिगळ कसे लावतात?
(इ) मुलगा मराठीच्या तासाला का बोलत नसे? सोमवारी तो का बोलला?

प्र. ३. 'ते चाक' याप्रमाणे पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
काटा, ट्यूब, ठिगळ, पंप, पाणी, घंटी.

प्र. ४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले दहा शब्द शोधून लिहा.

उपक्रम : सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसाबरोबर सायकलवरून जवळच्या ठिकाणी जा. आलेला अनुभव वर्गात मराठीतून सांगा. मित्र बोलत असताना त्याच्या चुकांना हसू नका.