घटना बदलण्याच्या अधिकारास मर्यादा आहे काय?

कलम ३६८ अन्वयें संसदेस राज्यघटनेंत दुरुस्ती करतां येते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु दोनतृतीयांश मतें हातीं आलीं म्हणजे वाटेल तें बदलतां येईल काय?

हा प्रश्न फेब्रुवारी १९६५ मध्यें बनारस हिंदु विश्वविद्यालयांत हायडेलबर्गचे कायदेपंडित डीट्रिख कॉन्राड यांनीं मांडला. त्यांच्या देशांत १९१९ ची घटना १९३३ सालीं लोकप्रतिनिधींच्याच दोनतृतीयांश मतांनीं निर्जीव झाली होती. म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेनें कांहीं तत्त्वें कोणत्याही बहुमताच्या आवांक्याबाहेर ठेविलीं. कॉन्राड यांनीं श्रोत्यांस विचारिलें कीं, कलम २१ बदलून कायद्याच्या आधारावांचून माणसाचे प्राण घेण्याची मुभा देतां येईल काय? चांगल्या अध्यापकाचा प्रश्न आम्हीं असाच समजतों. त्यास टाळून पुढें जातां येत नाहीं.

१९६७ सालीं गोलकनाथ खटल्यांत एम. के. नंबियार यांनीं हें व्याख्यान सर्वोच्च न्यायालयापुढें आणिलें. पुढें २४ एप्रिल १९७३ रोजीं केशवानंद भारती खटल्यांत १३ पैकीं ७ न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, संसदेस घटना दुरुस्त करतां येईल, मात्र तिची मूलभूत चौकट मोडतां येणार नाहीं. न्यायमूर्ति खन्ना यांनीं आपल्या निकालपत्रांत कॉन्राड यांचा आधार घेतला. उरलेल्या ६ जणांचें म्हणणेंही हलकें नव्हे: लोकांनीं निवडलेल्या सभेस न निवडलेल्या न्यायाधीशांनीं अडवावें काय? ह्यावर वर्गांत वाद अवश्य व्हावा.

दोनच वर्षांनीं, १९७५ मध्यें, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारें दुरुस्तीचें कलम ह्याच तत्त्वानें रद्द झालें.