चित्र आणि चित्राखालचा शब्द : मदुरेची ‘चौल्ट्री’

जुने मुद्राचित्र पुरावा म्हणून वापरताना विद्यार्थी आधी त्याखालची ओळ वाचतात आणि मग चित्र पाहतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. त्यासाठी वर्गात मी एक उदाहरण घेतो.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७९२ मध्ये मदुरेत होते. तेथील एका मंडपाचे त्यांचे चित्र काही वर्षांनी लंडनमध्ये ‘ओरिएंटल सीनरी’ या चित्रमालेत छापले गेले. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून आणि राळेच्या भुकटीच्या साहाय्याने छटा उठवून ते सिद्ध झाले. शीर्षक आहे तिरुमल नायकाची ‘चौल्ट्री’. दक्षिणेतल्या इंग्रजांच्या बोलण्यात चौल्ट्री म्हणजे बहुधा वाटसरूंची धर्मशाळा. शीर्षकावर विसंबणारा वाचक ही इमारत धर्मादाय ठरवून मोकळा होतो.

आता चित्र पाहू. उंच दगडी दालन, दुतर्फा खांबांच्या रांगा, खांबांवर कोरलेल्या मूर्ती. मुक्कामाची सोय कुठे दिसत नाही. सतराव्या शतकात तिरुमल नायकाने हा ‘पुदु मंडप’ मीनाक्षी मंदिरासमोर वसंतोत्सवासाठी बांधला. खांबांवर नायक राजेही आहेत. देवाचा उत्सव आणि राजघराण्याचे वैभव यांसाठी ही वास्तू उभी राहिली.

मग हा शब्द आला कसा? ‘चौल्ट्री’ हे दक्षिणेतल्या ‘चावडी’चे इंग्रजी रूप; आपली चावडीही त्याच कुळातली. मद्रासेत न्यायनिवाड्याची जागा चौल्ट्री, वाटेवरची धर्मशाळा चौल्ट्री आणि मंदिराचा मंडपही चौल्ट्रीच. एका शब्दात तीन वेगळ्या संस्था मिसळल्या.

खरी धर्मादाय वास्तू ओळखायची तर तिथे चालणाऱ्या कामाची नोंद शोधावी लागते. तंजावरच्या मराठी राजांची छत्रे रामेश्वरच्या वाटेवर होती. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तिथले काम सांगितले आहे : वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, मुलांना शिक्षण. ‘सत्र’पासून आलेले हे ‘छत्र’ आपल्या ‘अन्नछत्रा’त आजही आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी तीन टिपणे वेगवेगळी लिहावीत : चित्रात काय दिसते, शीर्षक काय सांगते आणि तो शब्द कोणाचा आहे. ही टिपणे जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथून अभ्यासाला सुरुवात करावी.