भूपाचे पाच स्वर आणि तबकडीची खाच

जॅझ म्हटलं की आपल्याला फक्त अमेरिका आठवते. पण 'मुलातु ऑफ इथिओपिया' ही 1972 सालची एलपी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाली, तरी तिची मुळं आफ्रिकेत आहेत. 2017 मध्ये स्ट्रट या लेबलने ती विनाइलवर पुन्हा काढली. आता इंजिनिअरिंगच्या मासिकात तिचं काय काम, असं तुम्ही विचाराल. तर ऐका.

मुलातु अस्तात्केचा जन्म 1943 चा, इथिओपियातल्या जिम्मा गावचा. घरच्यांनी त्याला वेल्सला पाठवलं ते चक्क इंजिनिअरिंग शिकायला! तिथे संगीताने त्याला पकडलं. मग लंडनचं ट्रिनिटी, मग बॉस्टनचं बर्कली. बर्कलीतला तो पहिला आफ्रिकन विद्यार्थी मानला जातो.

पण इंजिनिअर झाला नाही, तरी त्याने एक प्रॉब्लेम अगदी इंजिनिअरसारखा सोडवला. इथिओपियाचं पारंपरिक संगीत मुख्यतः पाच स्वरांच्या चौकटीत चालतं. तिझिता ही त्यातली एक चौकट. तिच्या मेजर प्रकारात सा रे ग प ध येतात, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. (स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही, चलन वेगळं असतं.) आता पाश्चात्य हार्मनीतली नेहमीची 'डॉमिनंट सेव्हन्थ' कॉर्ड घ्या : प नी रे म. तिझितात नसलेले दोन्ही स्वर, म आणि नी, नेमके हिच्यात आहेत! कॉर्ड लावली की मूळ रंग गेला, नाही लावली तर जॅझ कसला? मुलातुने कॉर्ड जपून निवडल्या, सुरावट पाच स्वरांतच ठेवली आणि खाली काँगाचा लॅटिन ठेका दिला. यालाच त्याने इथिओ-जॅझ म्हटलं.

आता तबकडीकडे वळू. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. बाहेरच्या कडेला त्रिज्या साधारण 14.6 सेंमी धरली, तर सुईखालून खाच सेकंदाला 51 सेंमी सरकते. आत 6 सेंमीवर हाच वेग फक्त 21 सेंमी. म्हणून 10 किलोहर्ट्झची एक लाट बाहेर 0.051 मिमी लांब, तर आत 0.021 मिमी. सुईला आतली लाट वाचणं जड जातं, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात तार स्वर थोडे मंदावतात.

बेसची भानगड वेगळीच. खर्जाच्या आवाजाने खाच इतकी डोलते की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कापताना खर्ज कमी करतात, तार स्वर वाढवतात आणि वाजवताना प्रीअ‍ॅम्प बरोबर उलटं करतो. यालाच रिया कर्व्ह म्हणतात. ठरलेले टाइम कॉन्स्टंट 3180, 318 आणि 75 मायक्रोसेकंद. सर्किट्सच्या पेपरातला आरसी फिल्टर तो हाच!

आपल्यातले कितीतरी जण घरच्यांच्या इच्छेने इथे आलेत. मुलातुसारखं सोडून जा, असं मी कुणाला सांगणार नाही. मलाही ते धाडस नाही. पण ज्याचं वेड आहे त्याला इंजिनिअरिंगची शिस्त लावता येते, एवढं त्याच्याकडून नक्की घेऊ.

कुणाकडे पेटी असेल तर पांढरी एकला सा धरून सा रे ग प ध घोळवा. मग एकदम प नी रे म दाबा. मुलातुची अडचण कानाला लगेच कळेल.