पाठ ९ : आधी कोण बंदूक ठेवणार?

मित्रांनो, टीव्हीच्या रिमोटवरून तुमचं भावाशी किंवा बहिणीशी कधी भांडण झालंय का? दोघांनीही रिमोट घट्ट धरलेला असतो. "आधी तू सोड!" "नाही, आधी तू!" कुणीच सोडत नाही. मग आई येते आणि म्हणते, "मी तीन म्हटलं की दोघांनीही सोडायचं."

मी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करतो. प्रोग्रॅमसुद्धा कधीकधी असेच एकमेकांची वाट बघत अडकून बसतात. अशा अवस्थेला मराठीत 'कोंडी' म्हणतात. आज आपण एका मोठ्या कोंडीबद्दल वाचणार आहोत. तिथे लोकांच्या हातात रिमोट नव्हता, बंदुका होत्या.

यादवी म्हणजे काय?

एकाच देशातले लोक आपापसात लढतात, त्याला यादवी युद्ध म्हणतात. हा शब्द महाभारतातल्या गोष्टीवरून आला. श्रीकृष्णाचं कूळ म्हणजे यादव. ते शेवटी एकमेकांशीच लढले आणि संपले. म्हणून घरातल्या घरात होणारी लढाई ती यादवी.

आता नकाशा उघडा. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसेल. ती मध्य अमेरिका. १९८० च्या दशकात इथल्या ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या तीन देशांत यादवी चालू होती. प्रत्येक ठिकाणी एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला बंडखोर.

पण ही युद्धं सरहद्दीच्या आत राहत नव्हती. निकाराग्वाच्या सरकारशी लढणाऱ्या बंडखोरांचे तळ शेजारच्या होंडुरासमध्ये होते आणि त्यांना पैसा अमेरिकेकडून मिळत होता. निकाराग्वाच्या सरकारला सोव्हिएत युनियन शस्त्रं देत होतं आणि ते सरकार एल साल्वादोरच्या बंडखोरांना मदत करत होतं. पाचवा शेजारी कोस्टा रिका. या देशाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बंद केलं होतं! तिथे युद्ध नव्हतं, पण युद्धातून पळालेले निर्वासित तिथेही येत होते. शेजारच्या घराला आग लागली की धूर आपल्याकडेही येतोच.

शांतता हवी, असं सगळेच म्हणत. पण प्रत्येक जण पुढे म्हणे, "जोपर्यंत ते थांबत नाहीत, तोपर्यंत आम्ही थांबणार नाही." झाली कोंडी!

शेजारी एकत्र बसले

१९८३ पासून मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि पनामा या देशांनी मध्यस्थी करून बघितली. कराराचे मसुदे तयार झाले, पण शेवटची सही काही होईना.

मग मे १९८६ मध्ये मध्य अमेरिकेतल्या पाचही देशांचे राष्ट्राध्यक्ष ग्वाटेमालातल्या एस्किपुलास या गावी भेटले. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोस्टा रिकाचे राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी शांततेची एक योजना मांडली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांना ती पसंत नव्हती. तरीही ७ ऑगस्ट १९८७ रोजी ग्वाटेमालाच्या राजधानीत पाचही जणांनी करारावर सह्या केल्या. बड्या देशांपैकी कुणाचीही सही त्यावर नव्हती.

करारातल्या मुख्य गोष्टी अशा होत्या :

१. युद्धबंदी करायची.
२. शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना माफी द्यायची आणि विरोधकांशी बोलायचं.
३. खुल्या निवडणुका घ्यायच्या.
४. बंडखोरांना बाहेरून मिळणारी मदत थांबवायची.
५. आपल्या जमिनीवरून शेजाऱ्यावर हल्ला होऊ द्यायचा नाही.

पण खरी युक्ती पुढेच आहे. "आधी कोण?" हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. निवडणुका सोडून बाकीच्या गोष्टी ९० दिवसांच्या आत, सगळीकडे एकाच वेळी लागू करायच्या, असं ठरलं. म्हणजे आईने तीन म्हणायचं, तसंच!

हे सोपं नव्हतं, बरं का. एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांचं उदाहरण घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, बंडखोरांनी त्यांच्या मुलीचं अपहरण केलं होतं. कैद्यांना सोडल्यावर ती परत आली. त्याच बंडखोरांना माफी देण्याच्या करारावर या वडिलांनी सही केली.

पुढे काय झालं?

९० दिवस संपले, पण युद्धं संपली नाहीत. मग करार फुकट गेला का? नाही. मार्च १९८८ मध्ये निकाराग्वाचं सरकार आणि बंडखोर समोरासमोर बसले आणि युद्धबंदी ठरली. १९९० च्या निवडणुकीत तिथले राष्ट्राध्यक्ष ऑर्तेगा हरले आणि त्यांनी सत्ता व्हियोलेता चामोरो यांच्या हाती दिली. एल साल्वादोरमधलं युद्ध जानेवारी १९९२ मध्ये थांबलं. तोपर्यंत तिथे सुमारे ७५,००० माणसं गेली होती. ग्वाटेमालात शांतता यायला डिसेंबर १९९६ उजाडला. तिथलं युद्ध ३६ वर्षं चाललं. त्यात दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यात बहुतेक माया आदिवासी होते.

ऑस्कर आरियास यांना १९८७ चं शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण सही एका दिवसात होते आणि शांतता यायला वर्षं लागतात, हे विसरू नका. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांच्या वर्गात कदाचित एखाद्या साल्वादोरी कुटुंबातलं मूल असेल. त्याच्या आजी-आजोबांसाठी हा इतिहास नाही, ती घरची आठवण आहे.

शब्दार्थ

चिंचोळी – अरुंद
बंडखोर – सरकारविरुद्ध उठलेले लोक
तळ – सैन्य मुक्काम करतं ती जागा
निर्वासित – जीव वाचवायला घर सोडून आलेली माणसं
मध्यस्थी – दोघांचं भांडण मिटवायला तिसऱ्याने केलेला प्रयत्न
मसुदा – पक्कं करण्याआधीचं लिखाण
उजाडणे – सकाळ होणे. इथे, ती वेळ येणे

भाषेचा अभ्यास

'जोपर्यंत … तोपर्यंत' ही जोडी बघा. पहिल्या भागात बहुतेक वेळा 'नाही' येतं : "जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत आपण निघायचं नाही." अशी तीन वाक्यं तुम्ही तयार करा. मग त्यातलं एक वाक्य 'एकाच वेळी' वापरून बदला. अर्थ कसा बदलला?

विचार करा आणि बोला

१. कोस्टा रिकामध्ये युद्ध नव्हतं, तरी त्याने पुढाकार का घेतला असेल?
२. माफीमुळे युद्ध थांबायला मदत होते. पण ज्यांची माणसं गेली, त्यांना न्याय कसा मिळणार? तुम्हाला काय वाटतं?
३. तुमच्या घरातली किंवा शाळेतली एखादी कोंडी आठवा. ती कशी सुटली? आजी-आजोबांना फोनवर मराठीतून सांगा.