दप्तराने पाठीचा कणा वाकतो का?

प्रश्न : मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावरून नववीतील मुलगी रोज पायी शाळेत जाते. तिची मान व खांदे दुखतात. दप्तरामुळे कणा वाकडा होईल का?

उत्तर : पार्श्ववक्रता, म्हणजे कणा बाजूला वळून मणके पिळले जाणे, हा विकार दप्तराच्या ओझ्याने उद्भवतो असे सिद्ध झालेले नाही, मात्र जड दप्तर एकाच खांद्यावर अडकवल्यास मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला समलंब स्नायू सतत ताणलेला राहून थकतो आणि दुखू लागतो. केंद्र शासनाच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तर शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे, म्हणजे 38 किलो वजनाच्या मुलीसाठी ते 3.8 किलोच्या आत हवे, अर्थात हा आकडा ढोबळ आहे, कारण चालण्याचे अंतरही तितकेच महत्त्वाचे असते. शहापूर-मुरबाडच्या टंचाईग्रस्त पाड्यांत तर उन्हाळ्यात शाळा सुटल्यावर मुलींच्या डोक्यावर हंडा येतो, आणि पंधरा लिटर पाण्याचा हंडा दप्तराच्या कित्येक पट जड असल्याने केवळ दप्तराला दोष देणे अपुरे ठरते.

दोन्ही पट्टे खांद्यांवर घेऊन ते इतके आवळावेत की दप्तर कमरेखाली लोंबणार नाही, आणि जाड पुस्तके पाठीलगत ठेवावीत. रात्री झोपमोड करणारी वेदना, हातापायांना मुंग्या, ताप किंवा वजन घटणे दिसल्यास, मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता तपासण्यासाठी, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय विनाविलंब गाठावे.