चांद्याचे लोखंड आणि जमशेटजी टाटा

जमशेटजी टाटा म्हटले की जमशेदपूर आठवते. परंतु पोलादाच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनात प्रथम आला तो आपल्या चांदा जिल्ह्यातील लोखंडामुळे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

जमशेटजींचा जन्म १८३९ साली नवसारीस झाला. तरुणपणी ते लंडनला गेले ते बँक काढण्याच्या खटपटीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि बँक उभी राहण्याआधीच मोडली. जमशेटजींनी तोंड लपविले नाही, धनकोंपुढे सर्व व्यवहार उघडा करून मांडला. पुढे पैसा घालण्यापूर्वी कसून चौकशी करण्याची जी सवय त्यांच्यात दिसते, तिचे मूळ या ठेचेत असावे असे मला वाटते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. भोवताली कापूस, आणि वरोऱ्याचा कोळसा हाकेच्या अंतरावर! या गिरणीत कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा सरकारने केला तो १९२३ साली.

१८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिज उत्तम आहे, असे त्यात म्हटले होते. पण खाणींबाबतचे सरकारी नियम इतके जाचक होते की विचार बाजूस ठेवावा लागला. लॉर्ड कर्झनच्या काळात, १८९९ साली, ते नियम सैल झाले. तेव्हा जमशेटजींनी साठी गाठली होती. तरीही १९०२ साली ते अमेरिकेला गेले व तेथील तज्ज्ञ त्यांनी मिळविले.

त्यांपैकी वेल्ड हे भूशास्त्रज्ञ, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात हिंडले. (हेच सकलातवाला १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले.) बैलगाडीचा प्रवास, वाघांचे रान, खाण्यापिण्याचे हाल. चांगले पाणी मिळेना म्हणून कधी सोडावॉटरचा चहा करीत! एवढे करून निष्पन्न काय? लोहाऱ्याचे खनिज कसदार, पण मोठ्या कारखान्याला पुरणार नाही. आणि भट्टीला लागणारा कोक वरोऱ्याच्या कोळशापासून होत नाही.

शोध थांबवीत आहोत हे सांगण्यास दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. वाट पाहता पाहता समोरच्या संग्रहालयात शिरले, तर तेथे भूस्तरांचा रंगीत नकाशा! त्यात दुर्गकडे लोखंड दाखविले होते. त्यावरून ते दल्ली-राजहराच्या डोंगरापर्यंत पोहोचले. मात्र तेथेही योग्य कोळसा जवळ नव्हता. (ते खनिज पुढे भिलाईला उपयोगी पडले.) अखेर मयूरभंजचे खनिज पसंत ठरले. जमशेटजी मात्र १९ मे १९०४ रोजी जर्मनीत निवर्तले. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ साली येथेच भाग विक्रीस काढले. सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत सारी रक्कम उभी केली.

पैशाच्या बाबतीत दान करतानाही त्यांची रीत हीच होती. १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी त्यांनी निधी काढला, पण तो खिरापतीसारखा वाटला नाही. विद्यार्थ्याने शिकून रक्कम परत करावयाची, म्हणजे पुढच्याला मिळेल. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे जयंत नारळीकरही या निधीतून केंब्रिजला गेले. विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली. बंगलोरची ती संस्था १९०९ साली, त्यांच्या मागे, स्थापन झाली.

दुबळ्यांना टेकू देण्यापेक्षा हुशारांना वर काढावे, असे जमशेटजींचे मत होते. येथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. हुशार कोण हे निदान मॅट्रिकपर्यंत पोहोचल्यावर कळते. भामरागड-एटापल्लीकडची जी मुले चौथीतच शाळा सोडतात, त्यांच्यातला हुशार निवडायचा कोणी आणि कसा? लोहाऱ्याच्या खनिजासाठी तज्ज्ञ बैलगाडीने रानात आले होते.